सुतारकामांतील मापाची टेप

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण मनांत हसले असतील. मापाची टेप ही काय व्याख्यान देण्यासारखी वस्तु आहे? ती घरोघर असते. पडद्याचें कापड आणण्यापूर्वीं, किंवा नवा पलंग दारांतून आंत येईल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती शोधण्यांत येते, आणि काम होतांच पुन्हां कोठें तरी जाऊन पडते. तिच्यावर आकडे छापलेले असतात. ते वाचतां आले म्हणजे झालें, अशी आपली समजूत असते. माझीहि तशीच होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त मास्तर. जन्मभर मुलांना लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ शिकविलें. परंतु टेप कशी धरावी हें मला ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं हेंहि ठाऊक नव्हतें. तें मी एका सुतार मिस्त्रींकडून शिकलों, आणि तेंहि त्यांच्यावर अन्याय केल्यानंतर. म्हणून ती हकीकत आधीं सांगतों. तिच्यांत अर्धा विषय येऊन जातो.

निवृत्त झाल्यावर पुस्तकांसाठीं मीं घरीं सागवानी कपाट करविलें. वर फळ्या व खालीं चार खण, अशी त्याची रचना होती. कपाटाचा सांगाडा मिस्त्रींनीं आमच्या घरींच उभा केला आणि खण आपल्या दुकानीं तयार करून आणले. हल्लीं खणांच्या दोन्ही अंगांस सरकते चॅनेल लावतात. नेहमींच्या चॅनेलला एका बाजूस अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, जागा लागते. दोन्ही बाजूंची मिळून २५.४. आमच्या कपाटांतील पोकळी ४५० मिलिमीटर होती. तेव्हां खण सुमारें चारशें साडेचोवीस मिलिमीटर रुंद हवा, हें गणित सोपें आहे. तो एक मिलिमीटर वाढला तर अडकतो, आणि एक मिलिमीटर कमी झाला तर डुगडुगूं लागतो.

खण आले तसे मीं माझी नवी टेप काढली. पोकळी मोजली, ती बरोबर ४५० भरली. खण मोजला, तो ४२५ च्या वर अर्धा भरला. चारहि खण तितकेच.

मीं म्हटलें, "मिस्त्री, खण एक मिलिमीटरनें मोठे केलेत तुम्ही."

ते म्हणाले, "नाहीं गुरुजी, माझ्या टेपनें बरोबर आहेत. एकदां बसवून तर बघूं."

"तुमची टेप जुनी झाली आहे. ही माझी नवी आहे. आधीं रंधा मारा, मग बसवा."

ते पुढें कांहीं बोलले नाहींत. माझ्यासमोर बसून त्यांनीं चारहि खणांच्या दोन्ही बाजू अर्धा अर्धा मिलिमीटर रंधून काढल्या. खण बसविले तेव्हां ते सैल झाले. ओढले कीं एका अंगास कलत. मीं काम बिघडलें म्हणून मजुरींतून पांचशें रुपये कापले. मिस्त्रींनीं उरलेले पैसे खिशांत ठेवले, हत्यारें पिशवींत भरलीं आणि ते निघून गेले.

पुढें दोनएक महिन्यांनीं माझा नातू भूमितीचा अभ्यास करीत बसला होता. त्याची पट्टी सांपडेना म्हणून मीं त्याला टेप दिली. थोड्या वेळानें पट्टी सांपडली, आणि तो म्हणाला, "आजोबा, वहीची लांबी टेपनें एक मिलिमीटर जास्त येते." मीं पोलादी पट्टी आणून स्वतः पडताळून पाहिलें. पोरगा खरें बोलत होता. आणि मग मला आठवलें कीं ती टेप विकत आणली त्याच दिवशीं तिच्या टोकाची आकडी मला हलती, खिळखिळी वाटली होती. दुकानदारानें वाईट माल दिला असें समजून मीं ती आकडी फरशीवर धरून हातोडीनें तिचीं रिव्हेटें ठोकून घट्ट केलीं होतीं.

श्रोतेहो, टेपची आकडी हलती असते ती चुकून नव्हे, मुद्दाम ठेवलेली असते. याचें कारण नीट समजून घेण्यासारखें आहे. आकडी हा पोलादी पत्र्याचा तुकडा. त्याला स्वतःची जाडी असते, साधारणतः एक मिलिमीटर. आपण दोन तऱ्हेनें मोजतों. फळीच्या टोकाला आकडी अडकवून टेप ओढली, म्हणजे फळीला आकडीची आंतली बाजू लागते. उलट कपाटाच्या पोकळींत टेप घालून आकडी भिंतीला टेकविली, म्हणजे भिंतीला तिची बाहेरची बाजू लागते. एका वेळीं माप आंतल्या बाजूपासून धरावयाचें आणि दुसऱ्या वेळीं बाहेरच्या. आकडी जर घट्ट बसविलेली असेल, तर या दोहोंपैकीं एक माप तिच्या जाडीइतकें चुकणारच. म्हणून आकडीचीं भोकें लांबट ठेवतात आणि तिला बरोबर तिच्या जाडीइतकी सरकण्यास जागा देतात. ओढली कीं ती तेवढी पुढें येते, दाबली कीं तेवढी मागें जाते, आणि दोन्ही वेळां शून्य आपल्या जागीं राहतें.

मीं ती ठोकली तेव्हां ती मागें दाबलेली होती. त्यामुळें पोकळीचें माप बरोबर येत होतें आणि फळीचें मात्र एक मिलिमीटर जास्त. म्हणूनच माझ्या हिशेबीं कपाट बरोबर आणि खण मोठे ठरले. टेप नवी होती, आकडे स्पष्ट होते, मोजणारा गणिताचा मास्तर होता; खरें माप मात्र मिस्त्रींच्या जुन्या टेपचें होतें.

मी मिस्त्रींच्या दुकानीं गेलों आणि टेप त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं आकडीला बोट लावून पाहिलें आणि म्हणाले, "गुरुजी, हिला हलूं द्यायचें असतें." मीं कापलेले पैसे परत केले. पुढच्या रविवारीं ते घरीं आले आणि त्यांनीं चॅनेलच्या मागें पातळ पट्ट्या घालून खण घट्ट केले. त्या कामाची मजुरी त्यांनीं सांगितली, ती मीं दिली. त्या दिवशीं काम करतां करतां त्यांनीं मला जें शिकविलें, आणि पुढें मीं वाचून व करून जें पडताळलें, तें आतां क्रमानें सांगतों.

प्रथम ही वस्तु आली कोठून तें पाहूं. डबींत गुंडाळली जाणारी पट्टी कमानीच्या जोरावर आंत ओढून घ्यावी, आणि पाहिजे तेथें तिला थांबवितां यावें, या सुधारणेचें पेटंट अमेरिकेंतील न्यू हेवन गांवच्या ऑल्व्हिन फेलोज यानें १८६८ सालीं घेतलें. परंतु ती पट्टी सपाट होती. आधार सुटला कीं वांके. पट्टीला आडवी पन्हाळीसारखी खोलगट वळण देऊन ती हवेंत ताठ उभी राहील अशी युक्ति हिरम फॅरंड यानें काढली. तिचें पेटंट १९२२ सालचें आहे. आज बाजारांत मिळणारी टेप ही या दोन कल्पनांची संतति आहे.

आतां निवडीविषयीं. बांधकामावरील माणसाला लांब, रुंद आणि ताठ टेप लागते; कारण त्याला खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकट्यानें मोजावयाचें असतें. सुतारकामाची गरज निराळी आहे. कपाट, टेबल, पलंग यांतील बहुतेक मापें दोन मीटरांच्या आंतलीं असतात. तेव्हां तीन मीटरांची, पंधरा-सोळा मिलिमीटर रुंदीची टेप हातांत हलकी पडते आणि लांकडावर नीट बसते. प्लायवुडचे आठ बाय चारचे तक्ते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचे, मोजावयाचे असतील तरीहि ती पुरते. पांच मीटरांची टेप घरच्या इतर कामांसाठीं ठेवावी.

दुसरी गोष्ट अचूकपणाच्या खुणेची. चांगल्या टेपच्या पट्टीवर सुरुवातीच्याच भागांत एक, दोन किंवा तीन असा रोमन आंकडा छापलेला असतो. तो युरोपीय नियमांनीं ठरविलेला वर्ग होय. पहिल्या वर्गाच्या टेपला एका मीटरांत ०.२ मिलिमीटरपर्यंत चूक क्षम्य धरतात, दुसऱ्या वर्गाच्या टेपला ०.५, आणि तिसऱ्या वर्गाच्या टेपला पूर्ण १ मिलिमीटर. पांच मीटरांच्या लांबीवर हेच आंकडे अनुक्रमें ०.६, १.३ आणि २.६ असे होतात. घरगुती सुतारकामाला दुसरा वर्ग पुरेसा आहे. पहिला मिळाला तर उत्तमच. जिच्यावर कोणतीच खूण नाहीं ती टेप घेण्यापूर्वीं पोलादी पट्टीशीं ताडून पाहावी.

तिसरी गोष्ट मापाच्या पद्धतीची. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला. परंतु सुतारकामांत फूट, इंच आणि सूत अजून नांदत आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. मिस्त्री "दोन फूट तीन इंच पांच सूत" म्हणतात, तें ७०१.६७५ मिलिमीटर होतें. मालक मिलिमीटरांत सांगतो, मिस्त्री सुतांत लिहून घेतात, पुन्हां कोणी तरी त्याचे मिलिमीटर करतो. आणि प्रत्येक रूपांतरांत थोडेंथोडें माप गळतें. पद्धति कोणतीहि असो, एका कामांत एकच असावी. बाजारांतील बहुतेक टेपांच्या एका कडेस इंच व दुसऱ्या कडेस मिलिमीटर असतात, म्हणून पट्टी उलट बाजूनें धरली कीं नको असलेले आकडे खुणेजवळ येतात. दोन्ही कडांस मिलिमीटर असलेली टेप मिळाल्यास सुतारकामाला ती अधिक सोयीची.

कांहीं टेपांवर दर सोळा इंचांस तांबडी खूण आणि दर १९.२ इंचांस काळा चौकट दिसतो. त्यांचा अर्थ पुष्कळांना उमगत नाहीं. अमेरिकेंत घरांच्या भिंती लांकडी खांबांवर उभारतात आणि वर आठ फुटी तक्ते ठोकतात. आठ फुटांचे सहा भाग केले कीं सोळा इंच, आणि पांच भाग केले कीं १९.२ इंच येतात; त्या त्या अंतरावर खांब व तुळया बसवावयाच्या, एवढाच त्या खुणांचा हेतु. आपल्या कपाटाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

खास सुतारकामासाठींहि टेपा निघाल्या आहेत. त्यांतील सर्वांत उपयोगी ती सपाट पट्टीची. नेहमींच्या टेपला पन्हाळीसारखें वळण असल्यामुळें तिची कड लांकडापासून थोडी वर राहते. मग डोळा जरा डावीकडे झुकला तर खूण एका जागीं दिसते, आणि उजवीकडे झुकला तर दुसऱ्या. सपाट पट्टी लांकडाला चिकटून बसते, त्यामुळें हा दृष्टिदोष उरत नाहीं. ती हवेंत ताठ राहत नाहीं हें खरें. परंतु मेजावर पडलेल्या लांकडाला त्याची गरज नसते. कांहीं टेपांच्या डबीवर पेन्सिलीनें माप लिहून पुसतां येईल अशी जागा असते. विसराळू माणसाला ती फार उपयोगी. याखेरीज पाठीस डिंक लावलेली, आकडी नसलेली पट्टी मिळते. ती कामाच्या मेजाच्या कडेस कायमची चिकटवून ठेवतां येते.

आतां वापर. टेप हातीं आली कीं पहिली परीक्षा आकडीची घ्यावी. एका लहान फळीची लांबी आकडी अडकवून मोजावी. मग त्या फळीचें टोंक भिंतीला भिडवून, आकडी त्याच भिंतीला दाबून, पुन्हां मोजावी. दोन्ही मापें एक आलीं तर आकडी खरी. टेप हातांतून सुटून आकडीवर पडली, किंवा वेगानें आंत जाऊन आपटली, कीं ती वांकते अथवा तिचीं भोकें रुंदावतात. म्हणून पट्टी सोडतांना ती बोटानें धरून सावकाश आंत जाऊं द्यावी, आणि ही परीक्षा अधूनमधून पुन्हां घ्यावी.

फार बारीक माप हवें असेल तर आकडीचा भरंवसाच सोडावा. १०० मिलिमीटरची रेघ फळीच्या कडेवर धरावी, तेथून मोजावें आणि उत्तरांतून शंभर वजा करावे. ही रीति उत्तम आहे, पण तिच्यांत एक धोका आहे. वजाबाकी विसरली कीं फळी शंभर मिलिमीटर चुकीची कापली जाते. दहा किंवा वीस मिलिमीटरांवरून मोजूं नये असें मिस्त्री सांगतात, कारण तेवढी चूक चटकन् लक्षांत येत नाहीं. शंभराची चूक करवत लावण्यापूर्वींच डोळ्यांना खटकते.

पोकळी मोजतांना पट्टी कोपऱ्यांत वांकवून अंदाजानें आंकडा वाचणें ही सर्वांची संवय. पट्टीचा तो वांक एकदोन मिलिमीटर सहज गिळतो. डबीची लांबी तिच्या पाठीवर छापलेली असते. डबी कोपऱ्याला टेकवून ती लांबी मापांत मिळवावी. याहून चांगली रीति अशी कीं दोन बारीक काठ्या एकमेकींवर धराव्या, त्यांचीं टोकें दोन्ही बाजूंस भिडेपर्यंत सरकवाव्या, आणि जेथें त्या मिळतात तेथें रेघ ओढावी. त्या काठ्याच माप होतात. आंकडा वाचावाच लागत नाहीं.

एकामागून एक अंतरें आंखावयाचीं असतील, उदाहरणार्थ कपाटाच्या पांच फळ्यांच्या जागा, तर प्रत्येक वेळीं टेप उचलून मागच्या खुणेपासून मोजूं नये. दर खेपेस अर्धा मिलिमीटर चुकला तर पांचव्या फळीला अडीच मिलिमीटर होतात. टेप एकदांच लावावी आणि सगळ्या खुणा त्याच शून्यापासून कराव्या. दोन्ही बाजूंच्या खुणा तर टेपनें दोनदां मोजूंच नयेत. दोन्ही फळ्या शेजारीं शेजारीं ठेवून गुण्यानें एकाच वेळीं रेघ ओढावी. फळीच्या रुंदीचे समान भाग करावयाचे असतील तर भागाकाराच्या भानगडींत पडूं नये. समजा फळी १७० मिलिमीटर रुंद आहे आणि भाग सहा हवे आहेत. सपाट पट्टी तिरपी धरून शून्य एका कडेवर व १८० दुसऱ्या कडेवर आणावें, आणि दर तीसावर खूण करावी. सहा भाग अगदीं सारखे होतात. भूमितीच्या पुस्तकांतील समांतर रेषांचा सिद्धांत मीं पुष्कळ वर्षें शिकविला. त्याचा हा उपयोग मला मिस्त्रींनीं दाखविला.

चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हेंहि टेपच सांगते. समोरासमोरच्या बाजू समान असून दोन्ही कर्ण समान भरले कीं चौकट खरी. ९०० बाय १२०० च्या चौकटीचा कर्ण १५०० भरला पाहिजे.

उन्हानें टेप वाढते, ही शंका पुष्कळजण काढतात. पोलादी टेपेचें माप वीस अंश सेल्सियस उष्णतेस बरोबर धरलेलें असतें. त्याहून वीस अंश अधिक तापलेली टेप एका मीटरास सुमारें पाव मिलिमीटर वाढते. म्हणून ती उन्हांत टाकूं नये. तथापि ठोकलेल्या आकडीच्या मानानें हा दोष लहानच. त्याहून मोठा फरक लांकडांत होतो. पावसाळ्यांत लांकूड रुंदीस फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. लांबीस मात्र जवळजवळ बदलत नाहीं. भर पावसांत अगदीं घट्ट बसविलेली फळी वैशाखांत सैल दिसते, त्यांत मोजणाऱ्याचा अपराध नसतो. हल्लीं लेझरचीं मापकयंत्रेंहि मिळतात. खोली मोजावयास तीं सोयीचीं आहेत. परंतु त्यांची चूकच दीड-दोन मिलिमीटरांची असते, म्हणून खण बसविण्याच्या कामीं तीं चालत नाहींत.

शेवटचा नियम मिस्त्रींनीं मला दोनदां सांगितला. एका कामांत एकच टेप वापरावी. दोन चांगल्या टेपांतहि थोडा फरक असतोच. एकाच टेपनें पोकळी व फळी दोन्ही मोजलीं, तर पट्टी आंखण्यांतली तिची चूक दोन्हीकडे जवळजवळ सारखीच पडते आणि जोड जमतो. मालकानें एक टेप धरावी आणि सुतारानें दुसरी, तेथें भांडण ठरलेलें. आणि एक तुकडा दुसऱ्यांत बसवावयाचा असेल तर शक्य तेथें मोजूंच नये. तो तुकडा प्रत्यक्ष जागेवर धरून खूण करावी. मिस्त्री मला "एकदां बसवून तर बघूं" म्हणाले होते, तें हेंच. मीं तेवढें ऐकलें असतें तर चारहि खण वांचले असते.

ती ठोकलेली टेप मीं टाकून दिली नाहीं. कपाटाच्या सर्वांत वरच्या खणांत ती ठेवली आहे, आणि तिच्या डबीवर "फळी मोजूं नये" अशी चिठ्ठी लावली आहे. घरीं सुतार, गवंडी किंवा शिंपी आला आणि त्याचें माप मला चुकलेलें वाटलें, कीं मी तो खण उघडतों, चिठ्ठी वाचतों, आणि मग आधीं माझीच टेप तपासून पाहतों. आपणहि आज घरीं असलेली टेप काढून तिच्या आकडीला बोट लावून पाहावें. ती हलत असेल तर तिला तशीच राहूं द्यावी.